थुवालमध्ये आखलेलं गाव

"सात नंबरमधली बाई महाभांडखोर आहे," वसाहतीतल्या एका बाईंनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. "शेजाऱ्याची कोंबडी हिच्या परसात शिरली की गेलीच समज. परत म्हणून देत नाही."

सौदी अरेबियातल्या थुवालला येऊन मला तीनच आठवडे झाले होते. नवरा तिथल्या विद्यापीठात केमिकल इंजिनिअर, आणि विद्यापीठाच्या वसाहतीत आमचं घर नंबर पाच. सात नंबरमध्ये एक अबोल कोरियन जोडपं राहायचं. कोंबडी मला कुठेच दिसली नव्हती. तरी मी घरी येऊन नवऱ्याला बजावलं, "त्या सात नंबरवालीपासून जरा जपून." चार दिवसांनी बाईंनी चहाला बोलावलं तेव्हा उलगडा झाला. ते सात नंबर बाईंच्या स्कॉटलंडमधल्या खेड्यातलं होतं, आणि ती भांडखोर बाई वारून दीडशे वर्षं होत आली होती.

बाईंचं बोलणं असंच. गावातली गेलेली माणसं त्यांच्या तोंडी रोज उठून चुली पेटवायची, भांडायची, बटाटे लावायची. आणि जी जन्मालाच आलेली नव्हती तीही. "चौतीस नंबरमधल्या जुळ्यांना शाळेत चालत जाता आलं पाहिजे," असं त्या खऱ्याखुऱ्या काळजीने म्हणायच्या. चौतीस नंबर हे घर अजून बांधलंच गेलं नव्हतं.

बाई साठीच्या आसपासच्या. उंच, हाडकुळ्या, केस स्वतःच कात्रीने कापलेले. प्रयोगशाळांमधले तराजू आणि तापमापक बरोबर दाखवतात की नाही हे तपासायचं काम त्या आठ वर्षं करत होत्या. बाहेर पंचेचाळीस डिग्री असली तरी पायांत गुडघ्यापर्यंत लोकरी मोजे आणि वर सँडल. मी विचारलं तर म्हणाल्या, "आत एसी असतो. मी आत काम करते." थुवालमधला उन्हाळा आपल्या हिशेबातच नाही, अशा सुरात.

त्यांच्या दिवाणखान्यात सोफा नव्हता. दोन खोक्यांवर एक जुना दरवाजा आडवा टाकून केलेलं टेबल होतं, आणि समोरची अख्खी भिंत म्हणजे त्यांचं गाव. समुद्राचा एक फाटा डोंगरांत घुसलेला, त्याच्या काठाने तीसेक घरं, एक रस्ता, एक शाळा, एक दुकान. गावाचं नाव लिहितात एक आणि उच्चारतात भलतंच, त्यामुळे मला ते शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. मी 'गाव'च म्हणायचे. प्रत्येक घराखाली बारीक अक्षरात तिथे आजवर राहिलेल्यांची नावं होती. बाई गेली कित्येक वर्षं त्या गावाचा इतिहास लिहीत होत्या. जुने नकाशे, चर्चमधल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, कुणाकुणाची पत्रं, सगळं त्यांनी हाताने वह्यांमध्ये उतरवून घेतलं होतं. आणि इतिहासाच्या वहीच्या मागच्या बाजूने, वही उलटी धरून, गावाचं पुढे काय करायचं ते लिहीत होत्या.

मी त्या भिंतीकडे बघत उभी राहिले. नाशिकला मी सहा वर्षं नगररचनेचं काम केलं होतं. इथे माझ्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, मी नवऱ्यावर अवलंबून असलेली बायको होते, कामाची परवानगी नव्हती. नकाशा बघून माझं बोट आपोआप पुढे गेलं.

"हा रस्ता इथे एवढा वळून का गेलाय? मधलं शेत तर सपाट दिसतंय."

"रस्ते वळतात," बाई म्हणाल्या. मग कप खाली ठेवून त्यांनी मला पहिल्यांदा नीट न्याहाळलं. "तू करतेस काय?"

"सध्या काही नाही. आधी टाउन प्लॅनर होते."

"म्हणजे आहेस," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. प्लॅनर म्हणायच्या.

जेद्दाला सामान आणायला वसाहतीची बस जायची. बाई सोबत असल्या की उशीर ठरलेला. कुठेही गेलं की त्यांचे दोन प्रश्न सुरू. इथे आधी कोण राहत होतं? पुढे कोण राहणार? जेद्दाच्या अल अझीझिया भागातल्या मल्याळी हॉटेलवाल्याला त्यांनी बिर्याणी यायच्या आत हे दोन्ही विचारले होते. शुक्रवारी सकाळी त्या वसाहतीच्या फाटकाबाहेर जुन्या थुवालमध्ये जायच्या. तिथे एक म्हातारा कोळी उलट्या बादलीवर बसून जाळं शिवत असायचा. एकदा मी सोबत होते. त्या पुढे गेल्यावर तो मला त्याच्या हिंदीत म्हणाला, "मॅडम, ये औरत सब को पूछता. इधर पहले कौन था? मैं बोला, मेरा बाप था. फिर पूछा, बाद में कौन आएगा? मैं बोला, अल्ला मालूम. तो बोलता है, नहीं, सोच के बोलो."

आणि तो मोठमोठ्याने हसला. पण पुढच्या शुक्रवारी त्याने खरंच विचार करून ठेवला होता. आपला कुठला नातू मासेमारीत राहील आणि कुठला जेद्दाला जाईल, हे त्याने बाईंना बोटांवर मोजून सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं.

आम्हाला तिथे वर्ष झालं तेव्हाची गोष्ट. दुपारी बाई माझ्या दारात. बसायला सांगायच्या आधी त्यांनी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर एक कागद पसरला.

"प्लॅनर, बस."

गावातली किनाऱ्याची जमीन आणि तिच्या वरचा उतार एकाच जमीनदाराच्या मालकीचा होता, आणि तो दोन्ही विकायला निघाला होता. एका हॉटेलवाल्याला तिथे सुट्टीत राहायच्या केबिन बांधायच्या होत्या. गावातली निम्मी घरं आधीच सुट्टीपुरती उघडणारी. शाळेत पाच मुलं उरली होती. तिथल्या कायद्याने गावकऱ्यांनी एकत्र येऊन मागणी केली, तर जमीन आधी त्यांना मिळू शकत होती. पण गाव तिचं काय करणार याचा आराखडा काढून दाखवायचा आणि मतदानाने मान्य करायचा होता. हाताशी तीन महिने होते.

"सहा घरं," बाई म्हणाल्या. "भाड्याची. वर्षभर राहणाऱ्या माणसांसाठी. या शेतात. मला सगळं आखून हवंय."

मी जेवणाची भांडी तशीच सिंकमध्ये टाकली आणि लॅपटॉप उघडला.

ते पंधरा दिवस मी असं काम करत होते की नवरा म्हणाला, "तू नाशिकमधली दिसायला लागलीस." सहा घरं समुद्राकडे तोंड करून, किंचित अर्धवर्तुळात. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन. मुलांना शाळेत जायला पायवाट. बाई संध्याकाळी यायच्या, मी केलेलं थालीपीठ लोणी लावून खायच्या, आणि न बोलता नकाशा बघायच्या. कधी एवढंच म्हणायच्या, "तीन नंबरला लाकडं ठेवायला जागा कुठाय?" मी जागा काढायचे.

मग पाणी कुठून कुठे वाहून जाईल ते दाखवायचं म्हणून मी शेताच्या उंचीच्या रेषा नीट तपासायला घेतल्या. नाशिकला गोदावरीच्या काठची पूररेषा आखायच्या कामात मी दोन पावसाळे काढले होते. निळी रेषा, लाल रेषा. लोक येऊन सांगायचे, मॅडम, रेषा जरा खाली घ्या ना, आमचा प्लॉट अडकतोय. त्या कामाने नजरेला एक सवय लावली होती. हे शेत बघताना ती जागी झाली. शेत समुद्रापेक्षा जेमतेम वर होतं. मी बाईंनी दिलेले सगळे जुने नकाशे मागे मागे जात उघडले. एकाही नकाशात त्या शेतात घर नव्हतं. गोठा नव्हता, साधी भिंत नव्हती. रस्ता मात्र प्रत्येक नकाशात त्याला वळसा घालून गेला होता.

रात्रीच्या जेवणावर मी घरात हे सांगितलं.

"तिचं स्वप्न आहे ते," नवरा म्हणाला. "तू कशाला मोडतेस? तसंही मतदानात हरणार आहेत ते लोक. तिचा सख्खा भाऊच विरोधात आहे म्हणालीस ना?"

"आणि जिंकले तर? तिथे पोरंबाळं राहायला येतील."

आमची शाळकरी मुलगी ताटातून मान वर न करता म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ फील्ड. टेल हर."

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या घरी गेले आणि उभ्याउभ्याच सांगितलं. "या शेतात घरं बांधता येणार नाहीत. पाणी येतं इथे. माझी खात्री आहे."

"माझं बालपण त्या गावात गेलंय," बाई म्हणाल्या.

"उन्हाळ्यात त्या शेतात खेळत असाल."

मी नकाशे टेबलावर एकावर एक ठेवले, रस्त्याचं वळण दाखवलं. त्यांनी ते बाजूला सारले. "हॉटेलवाल्याला चालतं ते शेत. मला का नाही चालणार?"

"त्याचे पाहुणे जानेवारीत नसतील. तुमची माणसं असतील."

"जा तू," त्या म्हणाल्या.

आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. वसाहतीतल्या दुकानात समोरासमोर आलो तर टोमॅटो निवडायला लागायच्या. मी घरी तडफडत होते, पण ठरवलं होतं. चुकीच्या जागेवर घर आखणार नाही. आखायचं तर बरोबर, नाहीतर हा नकाशा मी केलाच नाही असं समजायचं.

नवव्या दिवशी सकाळी सातला बेल वाजली. बाई हातात वही घेऊन उभ्या. त्यांनी एक पान उघडून माझ्यापुढे धरलं. कुणा बाईने आपल्या बहिणीला लिहिलेल्या फार जुन्या पत्रातली ओळ होती, बाईंच्याच सुवाच्य अक्षरात उतरवलेली. खालच्या जमिनीने यंदाही बटाटे गिळले.

"चार वर्षांपूर्वी मी हे माझ्या हाताने उतरवून घेतलं," बाई म्हणाल्या. "शुद्धलेखन तपासलं. आणि वाचलं नाही."

त्या आत आल्या, ओट्याशी बसल्या. "शेतात नाही. मग कुठे?"

मी वरच्या उतारावर बोट ठेवलं. बाईंचा चेहरा आक्रसला.

तिथे भिंती होत्या. दगडांच्या, कमरेइतक्या उरलेल्या. मूळ गाव तिथलं. फार पूर्वीच्या एका जमीनदाराला मेंढ्यांसाठी कुरण हवं होतं, म्हणून त्याने ती वस्ती उठवली आणि लोकांना खाली किनाऱ्यावर आणून बसवलं. बाईंच्या घराण्यातली माणसं त्यांतच होती. भांडखोर सात नंबरवालीही तिथेच जन्मलेली.

"तिथे घरं बांधायची नसतात," बाई म्हणाल्या. "तिथे जाऊन गप्प उभं राहायचं असतं."

"कशासाठी? लोक तिथे राहत होते. ऊन आहे, झऱ्याचं पाणी आहे, भरती तिथवर पोचत नाही. त्यांनी जागा नीट बघून निवडली होती. ती त्यांना सोडायची नव्हती."

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर माळी खजुराच्या झाडांना पाणी घालत होता. मग त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि जुन्या भिंतींच्या कडेला, जरा अंतर ठेवून, एक छोटा चौकोन काढला.

"भिंतींवर नाही," त्या म्हणाल्या. "भिंतींच्या शेजारी. त्यांना हात लावायचा नाही. यल्ला, चल, पुन्हा आख."

गावाची सभा शनिवारी होती. आमचे संध्याकाळचे पाच, तिथे दुपारचे दोन. बाईंच्या टेबलाशी आम्ही दोघी लॅपटॉपसमोर बसलो. बाईंनी केस विंचरले होते, एवढीच तयारी. पडद्यावर गावचा हॉल, लाकडी खुर्च्या, तीसचाळीस माणसं, ओले कोट. बाईंनी आराखडा मांडला. मधेमधे माणसं खोकली, कुणीतरी शाळेबद्दल विचारलं. मग मागच्या भिंतीला टेकून उभा असलेला एक दणकट माणूस बोलायला लागला. बाईंनी माझ्या कानात सांगितलं, "माझा भाऊ." त्याची छोटी बोट होती, शेवंडं पकडायचा. बाई परदेशी निघाल्या तेव्हापासून दोघांत धड बोलणं नव्हतं.

"हा नकाशा कुणी काढला?" त्याने विचारलं.

"मी," मी म्हणाले.

"तुम्ही कधी आमच्या गावात आला आहात?"

"नाही."

"म्हणजे वाळवंटात बसून आमची घरं आखताय."

हॉलमध्ये दोघंतिघं हसले. पण उत्तर देण्याऐवजी, मला इतके दिवस जे कुणाला तरी विचारायचं होतं तेच मी त्याला विचारलं.

"इथून मला सगळं दिसत नाही हे खरं. म्हणून तुम्हीच सांगा. फेब्रुवारीत भरतीच्या वेळी वादळ आलं, तर त्या शेतात पाणी कुठवर येतं?"

मग त्याने टोपी मागे सारली. "शेतात एक कुंपण आहे. समुद्राकडून मोजलं तर चौथ्या खांबापर्यंत. मी लहान होतो तेव्हा दुसऱ्यापर्यंत यायचं."

बाई पुढे झुकल्या, त्यांचं नाक जवळजवळ पडद्याला लागलं.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस कधी?" भाऊ म्हणाला. "सगळ्या जगाला विचारत फिरतेस. मला कधी विचारलंस?"

रागावून बाई लॅपटॉप मिटतात की काय, असं मला वाटलं. त्यांनी वही ओढली, कोरं पान काढलं.

"आता विचारते," त्या म्हणाल्या. "वरच्या उतारावर हिवाळ्यात वारा कुठून लागतो?"

तो माणूस खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आला आणि लॅपटॉपसमोर बसला. वारा कुठून येतो, बर्फ कुठे साचतं, झरा कुठल्या महिन्यात आटतो, हे त्याने सांगितलं. बहीण लिहीत होती, मधेच त्याला खोडत होती, तो तिला खोडत होता. बाकीचं गाव ऐकत बसलं होतं. त्या संध्याकाळी मी चार घरांची दारं फिरवली आणि एक घर तीस पावलं खाली आणलं.

दोन आठवड्यांनी मतदान झालं. आराखडा अकरा मतांनी जिंकला. फोन आला तेव्हा बाई प्रयोगशाळेत कुठला तरी तराजू तपासत होत्या. त्यांनी तो आधी पूर्ण तपासला, नोंद केली, आणि मग मला फोन केला. "झालं," एवढंच म्हणाल्या. पलीकडे त्या नाक शिंकरत असल्याचं मला ऐकू आलं.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त होऊन गेल्या. भिंतीवरचं गाव त्यांनी गुंडाळून विमानात हातात धरून नेलं. ते सामानात द्यावं म्हणून जेद्दाच्या विमानतळावर कर्मचाऱ्याने खूप समजावलं, पण बाई रांगेतून हलल्या नाहीत, शेवटी त्यानेच हात टेकले.

जाण्याआधी मी त्यांच्याकडे एक शिफारसपत्र मागितलं होतं. अल अझीझियातल्या एका छोट्या नियोजन कार्यालयात जागा निघाली होती. बाईंनी तीन ओळी लिहून दिल्या. हिने मला सांगितलं की मी चुकते आहे. मी आठ दिवस हिच्याशी बोलले नाही. हिला कामावर घ्या. मुलाखत घेणाऱ्या इजिप्शियन इंजिनिअरने ते दोनदा वाचलं, मग सहा घरांचा नकाशा बघितला, आणि विचारलं, "शेत का सोडलं?" मी सांगितलं. कफील, म्हणजे परवान्यावरचा जामीनदार, बदलायला चार महिने गेले, पण आता मी रोज सकाळी स्वतः गाडी चालवत जेद्दाला जाते.

मागच्या ऑक्टोबरात आम्ही त्या गावी गेलो. तीन दिवस वादळ होतं, आमची बस अर्ध्या वाटेत तासभर थांबून राहिली होती. थांब्यावर बाई उभ्या. कशी आहेस नाही, मिठी नाही. नवऱ्याला आणि मुलीला त्यांनी भावाच्या गाडीत बसवून घरी पिटाळलं आणि माझ्या हातात रबरी बूट दिले. "तुझा पाय लहान आहे. दोन मोजे घाल."

मला वाटलं, घरं दाखवायला नेतील. सहांपैकी चार तयार झाली होती, माणसं राहायला आली होती, हे मला ठाऊक होतं. पण बाई वर वळल्या नाहीत. रस्त्याच्या वळणावरून त्या सरळ खाली उतरल्या, मी मागोमाग. शेत दिसत नव्हतं. तिथे राखाडी पाणी होतं, त्यावर समुद्रपक्षी बसले होते. समुद्राकडच्या कुंपणाच्या खांबांचे फक्त माथे वर दिसत होते.

बाई पाण्यात शिरल्या. गुडघ्याच्या जरा खाली आलं तेव्हा थांबल्या. "इथे पहिल्या घराचा दरवाजा आखला होतास," त्या म्हणाल्या. मग मोजून पावलं टाकत पुढे. "दुसरं." पाणी कापत आम्ही सहाही घरांच्या जागा फिरलो. प्रत्येक ठिकाणी त्या थांबायच्या आणि खाली बघायच्या. सहाव्यापाशी पाणी माझ्या बुटांत आलं. इतकं गार पाणी मी आयुष्यात अनुभवलं नव्हतं.

वर उतारावर एका घरातला दिवा लागला. पाऊस पुन्हा सुरू झाला तसं कुणीतरी दोरीवरचे कपडे घाईने आत नेत होतं.

बाईंनी तिकडे बघितलं, मग कुंपणाकडे. "पाचव्या खांबाला लागलंय," त्या म्हणाल्या. "शाळेच्या मागे अजून दोन घरं करायची म्हणतात. रेषा कुठे धरायची?"

मी खांब मोजले. हिशेब स्वच्छ होता. "पाचव्या खांबाच्या पातळीपासून एक मीटर वर."

"ही आत्ताची गोष्ट झाली. पन्नास वर्षांनी?"

"दीड."

"दीड," बाई म्हणाल्या. कोटाच्या खिशातून त्यांनी वही काढली, पानावर पाऊस पडू नये म्हणून मी ओंजळ धरली, आणि त्यांनी लिहून घेतलं.